ओबीएमचा पॉवर ट्रिम : पाऊणच वर जातो, रात्रीतून खाली बसतो, रिव्हर्सला उचलतो

गोदाकाठ_नांदेड
नमस्कार मंडळी. पुरात बचावाला वापरायच्या फायबर बोटीवर ६० एचपीची फोर-स्ट्रोक ओबीएम (आउटबोर्ड मोटर, बोटीच्या मागं बाहेर टांगलेलं इंजिन) आहे. ट्रिम-टिल्ट, म्हणजे इंजिन कलवायची-उचलायची यंत्रणा, हायड्रोलिक, एकाच सिलिंडरचं युनिट. पावसाळ्याआधी चाचणीला विष्णुपुरीच्या पाण्यात उतरवली तर चार गोष्टी दिसल्या.

एक, वरचं बटण दाबलं की इंजिन पाऊण उंचीपर्यंत नीट जातं. पुढं पंपाचा आवाज बारीक होऊन नुसता किंचाळतो आणि इंजिन जागेवरच राहतं.
दोन, संध्याकाळी जेवढं जाईल तेवढं वर करून ठेवलं तर सकाळी पूर्ण खाली. बाहेर तेलाचा थेंबही नाही.
तीन, रिव्हर्स टाकून जरा थ्रॉटल दिला की इंजिन पाण्यातून बाहेर उचलायलंय.
चार, अधूनमधून खालचं बटण दाबलं तर नुसतं 'टक' होतं, मोटर फिरत नाही. वरचं बटण मात्र दर वेळी चालतं.

गेल्या महिन्यात इंजिन खाली असतानाच तेल टॉपअप केलेलं आहे. मेकॅनिक म्हणतात सिलिंडर खोलून सील किट टाकू. खोलावं का? पुराचे दिवस तोंडावर आलेत.

चिमटापाना
थांबा, सिलिंडरला हात लावू नका. सील किट हे शेवटचं काम, पहिलं नाही.

वायरमन_परभणी
दादा, चौथी तक्रार बाकी तिन्हींपासून वेगळी काढा. ती विजेची आहे, उरलेल्या तेलाच्या. दोन्ही एकत्र धरल्या की माणूस गोंधळून सगळंच खोलून बसतो.

'टक' आवाज आला म्हणजे रिले (विजेनं ओढला जाणारा स्विच) ओढला. म्हणजे बटण, बटणाची वायर आणि रिलेची कॉइल ठीक. दोन वायरच्या ट्रिम मोटरला रिले दोन असतात, एक वरचा, एक खालचा. दोन्ही सुटे असताना मोटरच्या दोन्ही वायरी निगेटिव्हला टेकलेल्या असतात. खालचं बटण दाबलं की खालचा रिले आपली वायर पॉझिटिव्हला नेतो. पण करंट परत जायची वाट वरच्या रिलेच्या सुट्या बाजूच्या कॉन्टॅक्टमधून असते. तो कॉन्टॅक्ट जळला किंवा काळा पडला की खालचं बटण मुकं होतं. आवाज खालच्या रिलेचा येतो आणि दोष वरच्यात असतो. लोक खालचा रिले बदलतात आणि तक्रार तशीच राहते.

तपासायचं असं. बऱ्याच यामाहा आणि मर्क्युरी इंजिनांत निळी वायर वर, हिरवी खाली. तुमचा रंग मॅन्युअलमध्ये बघून घ्या. मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर लावा, काळा प्रोब थेट बॅटरीच्या निगेटिव्हला. दुसऱ्याला खालचं बटण दाबून धरायला सांगा. हिरव्यावर बॅटरीच्या जवळपास व्होल्टेज हवं, निळ्यावर जवळजवळ शून्य. निळ्यावरही १२ व्होल्ट दिसले तर ते मोटरमधून पलीकडं आलेले असतात आणि पुढं निगेटिव्हला वाट मिळत नसते. वरच्या रिलेचा कॉन्टॅक्ट किंवा त्याच्या निगेटिव्हचा लग (वायरच्या टोकाची कडी) गेला समजा.

दोन्ही रिले एकाच नंबरचे असतील तर अदलाबदल करा. तक्रार खालून वर गेली की निदान पक्कं.

लातूर_मल्टिमीटर
वायरमन भाऊंच्या निदानाला पुष्टी. फक्त दोन गोष्टी जोडतो.

व्होल्टेज मोटर फिरत असताना मोजा. रिकाम्या वायरवर १२.६ दिसणं काहीच सांगत नाही, कुजलेल्या लगमधूनही ते दिसतं. लोडवर मोटरच्या टोकाशी साडेदहाच्या खाली येत असेल तर बॅटरी, लग किंवा जाड वायर बघा. निगेटिव्ह बाजूला बॅटरीच्या खांबापासून रिलेच्या अर्थपर्यंत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त पडायला नको.

दुसरं, बटणं दोन जागी असतात, एक कंट्रोलच्या हँडलवर आणि एक इंजिनच्या खालच्या कव्हरला. कव्हरवरचं दर वेळी चालतं आणि हँडलवरचं कधीमधीच, असं असेल तर हँडल जिथं वळतं तिथं वायर आतून तुटलेली असते. तिथं बघितल्याशिवाय रिलेवर पैसे घालू नका. काही मोटरींत आत उष्णतेचा कटआउट असतो, तोही असाच 'कधी चालते कधी नाही' खेळ दाखवतो. पण तो पडला की वर-खाली दोन्ही बंद पडतं. तुमचं वरचं दर वेळी चालतं, त्यामुळं तो नाही.

ट्रॉलीजॅक
तेलाचं मी सांगतो. टिपिंग ट्रॉलीच्या जॅकसारखंच आहे हे. ६८ नंबरचं हायड्रोलिक तेल टाका, घट्ट असतं, गळायचं बंद होतंय. उगं महागाचं कशाला?

सीलवाला_वाळूज
ट्रॉलीजॅक भाऊ, ट्रॉलीला चालतं, इथं नको. या पंपाचे गिअर बोटाच्या पेराएवढे असतात आणि तेल जायच्या वाटा सुईएवढ्या. यामाहाचं मॅन्युअल डेक्स्ट्रॉन २ एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) सांगतं, बाकी बऱ्याच कंपन्या स्वतःचं ट्रिम फ्लुइड नाहीतर एटीएफ. एटीएफचा घट्टपणा ४० अंशाला ३५ सेंटिस्टोकच्या आसपास, म्हणजे ३२ नंबरच्या जवळचं. ६८ नंबर त्याच्या दुप्पट घट्ट. डिसेंबरच्या पहाटे नदीवर ते पंपात ओढलंच जात नाही, मोटरवर भार पडतो आणि कार्बन लवकर झिजतात. घट्ट तेलानं गळती लपते, जात नाही.

आणि ब्रेक ऑइल तर अजिबात नको. आतले ओ-रिंग नायट्राइल रबराचे असतात. ब्रेक ऑइलनं ते फुगतात, मऊ पडतात, मग पूर्ण युनिट खोलावं लागतं.

ट्रॉलीजॅक
व्हय, पटलं. पहाटेच्या गारठ्याचा इचार केला नव्हता.

चिमटापाना
आता मूळ तक्रारीकडं. आधी पहिली घेऊ, कारण तिचं उत्तर गोदाकाठ यांनी स्वतःच लिहून ठेवलंय : तेल इंजिन खाली असताना भरलं.

रॉड आत असतो तेव्हा तो सिलिंडरमधली जागा खातो, म्हणून तेवढं जास्तीचं तेल टाकीत असतं. रॉड बाहेर आला की ते तेल सिलिंडरमध्ये जातं आणि टाकीची पातळी उतरते. इंजिन खाली असताना टाकी भोकापर्यंत भरलेली दिसली तरी इंजिन वर जाता जाता टाकी रिकामी होते आणि पंप हवा ओढतो. तुमची पाऊण उंची आणि बारीक किंचाळणं तिथंच आहे. भार असलेला पंप जड घुमतो. बारीक, उंच आवाज म्हणजे पंपाच्या तोंडाला तेल नाही, किंवा मोटर-पंपामधली कपलिंग तुटली. कपलिंग तुटली असती तर इंजिन खालूनच हललं नसतं.

भरायची रीत :
इंजिन पूर्ण वर. जात नसेल तर मॅन्युअल व्हॉल्व्ह (तेल मोकळं करून इंजिन हातानं हलवू देणारा) सैल करून दोघांनी उचलायचं, मग व्हॉल्व्ह बंद. टिल्ट लिव्हर (वर केलेलं इंजिन अडवणारा खटका) लावायचा आणि त्याच्या भरवशावर न राहता खाली लाकडी ठोकळा किंवा वरून चेन-ब्लॉकचा पट्टा. या इंजिनाचं वजन शंभर किलोच्या वर आहे, खाली हात घालायचाच नाही. टाकीच्या बुचाभोवतीचा गाळ ब्रशनं, मग कापडानं पुसायचा. बूच हळू सोडायचं. तेल भोकाच्या खालच्या काठाला लागून किंचित बाहेर आलं की पातळी बरोबर. बूच लावून इंजिन पूर्ण खाली, पूर्ण वर, असं चार-पाच वेळा करायचं. दिशा बदलताना मध्ये काही सेकंद थांबायचं. हवा आपोआप टाकीत परत येते, वेगळं ब्लीडिंग लागत नाही. मग पुन्हा वर करून पातळी बघायची. साधारण पुन्हा थोडं तेल लागतंच.

इंजिन खाली असताना बूच सोडणं धोक्याचं आहे, तेल दाबानं तोंडावर उडतं.

हिंगोलीकर
जरा विषयांतर. आमच्याकडं ट्रॅक्टरची लिफ्टपण अशीच रात्रीतून खाली बसते. तिचंही कारण हेच का?

सीलवाला_वाळूज
तत्त्व तेच. इंजिन बंद केल्यावर नांगर हळूहळू टेकत असेल तर पिस्टनची ओ-रिंग किंवा कंट्रोल व्हॉल्व्हची गळती. फरक एवढाच की ट्रॅक्टरची लिफ्ट एका बाजूनंच दाबते, खाली ती वजनानं येते. ओबीएमचा सिलिंडर दोन्ही बाजूंनी तेल धरतो, म्हणून रिव्हर्सलाही इंजिन जागेवर राहतं. नेमका हाच फरक दुसऱ्या-तिसऱ्या तक्रारीची किल्ली आहे.

चिमटापाना
अगदी बरोबर.

आता नीट बघा. वर ठेवलेलं इंजिन बसतं, म्हणजे वरची बाजू तेल सोडते. रिव्हर्सला उचलतं, म्हणजे खालची बाजूही सोडते. वरच्या बाजूचा चेक व्हॉल्व्ह (तेल एकाच दिशेनं जाऊ देणारा) वेगळा, खालच्या बाजूचा वेगळा. दोन्ही एकदम जाणं क्वचित घडतं. पिस्टनचं सील गेलं तर दोन्ही तक्रारी येऊ शकतात, हे खरं, आणि मेकॅनिकचा कल तिकडंच आहे. पण त्याच्या आधी एक सोपी जागा अशी आहे की जी दोन्ही बाजूंना एकाच वेळी जोडते : मॅन्युअल रिलीज व्हॉल्व्ह. क्लॅम्प ब्रॅकेटच्या बाजूला भोकातून दिसतो, रुंद पेचकसाची खाच असते. तो अर्धवट उघडा राहिला किंवा त्याच्या टोकाची ओ-रिंग कापली की वरचं तेलही टाकीत आणि खालचंही टाकीत. आतल्या आत. म्हणूनच बाहेर थेंब नाही.

पेचकस खाचेत पूर्ण बसणारा घ्या. छोटा घसरला की खाच चावली जाते आणि मग पूर्ण युनिट उतरवायची वेळ येते. आधी फक्त घट्ट आहे का बघा. सैल असेल तर बसवा आणि तासभर निरीक्षण करा. ताकद लावू नका, टोक बसलं की थोडासाच दाब.

गोदाकाठ_नांदेड
मापायचं कसं? नुसतं बघून 'खाली आलं' एवढंच कळतंय.

लातूर_मल्टिमीटर
खाली आधी ठोकळा ठेवा म्हणजे एकदम पडणार नाही, आणि इंजिन जेवढं वर जाईल तेवढं करा. मग रॉड जिथं सिलिंडरात जातो तिथं, वायपरच्या (रॉड पुसणाऱ्या बाहेरच्या सीलच्या) अगदी वर, एक केबल-टाय रॉडला आवळून बसवा. लिव्हर न लावता सोडा. इंजिन बसायला लागलं की वायपर टायला वर ढकलत नेतो. तासाभरानं पुन्हा वर करा आणि टाय वायपरपासून किती सरकली ते पट्टीनं मोजा. तेच माप सकाळी आणि दुपारी घ्या. आपल्याकडं मे महिन्यात बोटीचं पत्र्याचं शेड भट्टीसारखं तापतं, तेल पातळ होतं आणि गळती दुपारी जास्त दिसते. ते धरूनच आधी-नंतरची तुलना करा.

नाथसागर_पैठण
एक मुद्दा कुणी घेतला नाही. हे दोष येतात कुठून? इकडं नाथसागराचं पाणी उन्हाळ्यात मागं सरकतं, काठची जमीन गाळपेरीला जाते, तिथं वेडी बाभूळ वाढते. पुन्हा पाणी भरलं की त्याच बाभळीचे खुंट पाण्याखाली. पुराच्या पाण्यात तर कुंपणाचे खांब, विहिरीचे कठडे, सगळंच. इंजिनाचा पाय त्यावर आदळला की पिस्टनमधले शॉक व्हॉल्व्ह उघडतात, तेल एका बाजूनं दुसऱ्या बाजूला जातं आणि इंजिन उसळतं. मेमरी पिस्टन (सिलिंडरातला दुसरा, सुटा पिस्टन) जागेवर राहतो, म्हणून पुढं परत त्याच कोनावर येतं. धक्क्यानंतर इंजिन पहिल्या जागी येईना झालं तर मेमरी पिस्टनचं सील किंवा शॉक व्हॉल्व्हखाली अडकलेला कचरा बघा. रिव्हर्समध्ये असं संरक्षण नसतं, पाय मागून आदळला की सगळा धक्का ब्रॅकेटवर आणि बोटीच्या मागच्या फळीवर. रिव्हर्स नेहमी सावकाश.

कळंबचा_शेतकरी
ट्रिमचा कोन वापरताना किती ठेवायचा, हे नवीन मुलांना कसं सांगायचं?

नाथसागर_पैठण
बैलगाडीची भाषा वापरा, लगेच कळतं. इंजिन जास्त बाहेर म्हणजे गाडी उलाळ झाली : बोटीचं नाक वर, उड्या मारायला लागते, पंखा हवा पकडतो. इंजिन पूर्ण आत म्हणजे गाडी धुरजड : नाक पाण्यात घुसतं, सुकाणू जड होतं, पाण्यासारखं पेट्रोल जातं. निघताना आत, वेग धरला की थोडं थोडं बाहेर, नाक उड्या मारायला लागलं की एक झटका परत आत. माणसं मागं बसली तर पुन्हा आत.

कळंबचा_शेतकरी
उलाळ आणि धुरजड! आता कुणी विसरणार नाही.

वायरमन_परभणी
रस्त्याचंही लक्षात घ्या. पुराच्या वेळी बोटी ट्रॉलीवर घालून शंभर-दीडशे किलोमीटर नेतात. इंजिन वर करून टिल्ट लिव्हरवर टांगलेलं असतं आणि प्रत्येक खड्ड्याला पूर्ण वजनाचा हिसका चेक व्हॉल्व्हवर आणि त्या छोट्या लिव्हरवर येतो. लिव्हर बोट पाण्यात उभी असताना वापरायचा. रस्त्यावर इंजिन खाली ठेवायचं. जमिनीला पाय लागत असेल तर अर्धं वर करून इंजिन आणि ट्रॉलीमध्ये आधाराची लाकडी पट्टी द्यायची.

सीलवाला_वाळूज
ठेवणीबद्दल माझं मत : शेडमध्ये महिनोन्‌महिने उभी राहते तेव्हा इंजिन खालीच ठेवावं. रॉड आत तेलात राहतो. वर ठेवलं तर उघड्या रॉडवर धूळ आणि ओल बसते, खड्डे पडतात आणि पहिल्याच चाचणीत तेच खड्डे वायपर आणि सील कापतात. रॉडवरून नख फिरवा. नख अडकलं तर नवीन सील टाकून उपयोग नाही, आधी रॉड बदला किंवा हार्ड क्रोम करून घासून घ्या.

नाथसागर_पैठण
पाण्यात उभ्या बोटीला हे लागू नाही. इंजिन खाली ठेवलं तर पायावर शेवाळ चढतं आणि पाणी उतरलं की पाय गाळात रुततो. तिथं वरच ठेवावं लागतं, फक्त आठवड्याला रॉड पुसून एकदा पूर्ण खाली-वर करायचं. गोड्या पाण्यात ब्रॅकेटचा अ‍ॅनोड (गंज स्वतःवर घेणारा धातूचा तुकडा) मॅग्नेशियमचा असावा. जस्ताच्या अ‍ॅनोडवर गोड्या पाण्यात कवच धरतं आणि तो काम करायचं थांबतो.

सीलवाला_वाळूज
ते मान्य. शेड वेगळं, पाणी वेगळं.

गोदाकाठ_नांदेड
सगळ्यांचं वाचून क्रमानं केलं. निकाल :

निळ्या वायरवर खालचं बटण दाबल्यावर ११.८ व्होल्ट. वायरमन दादा, तुमचं निदान तंतोतंत. वरचा रिले काढला तर सुट्या बाजूचा कॉन्टॅक्ट काळाठिक्कर. नवीन बसवला, आता निळ्यावर ०.२ आणि खालचं बटण दर वेळी चालतं.

इंजिन हातानं पूर्ण वर नेऊन, ठोकळे लावून बूच उघडलं. तेल भोकाच्या बरंच खाली. रंग लालच, दुधाळ नाही. साधारण १५० मिली एटीएफ गेलं. पाच वेळा खाली-वर केल्यावर अजून थोडं लागलं. आता पूर्ण उंची गाठते आणि पंप शेवटी जड आवाज देतो.

पण बसणं चालूच आहे. केबल-टायनं मापलं : तासाला ४० मिलिमीटर. मॅन्युअल व्हॉल्व्ह घट्टच होता.

चिमटापाना
मग तो बाहेर काढा. इंजिन पूर्ण खाली ठेवून काढायचा, वर असताना नाही, नाहीतर वजन सगळं तेल भोकातून फेकेल. आधी व्हॉल्व्ह हळूच दोन-तीन फेरे सोडून दाब जाऊ द्या, थोडं थांबा. काही युनिटला बाहेरून सर्क्लिप (खोबणीत बसणारी स्प्रिंगची कडी) असते, ती आधी काढावी लागते. खाली ट्रे ठेवा, डोळ्यांवर चष्मा. बाहेर आला की त्यावरच्या ओ-रिंग भिंगाखाली बघा. कापलेली ओ-रिंग बहुतेक एका बाजूला चपटी किंवा दात लागल्यासारखी दिसते. तुकडा गायब असेल तर तो आत राहिलाय, चेक व्हॉल्व्हखाली जाऊन अडकू शकतो, तोही शोधायचा.

सीलवाला_वाळूज
ओ-रिंग सायकलच्या दुकानातली किंवा नळाची टाकू नका. शक्यतो कंपनीच्या किटमधलीच. मिळत नसेल तर जुनीवर न जाता खोबणीचं माप व्हर्नियरनं घ्या, कारण जुनी दाबून चपटी झालेली असते. नायट्राइल रबर, कडकपणा ७० शोअर. बॅकअप रिंग (ओ-रिंगला टेका देणारी कडक रिंग) असेल तर ती दाबाच्या उलट बाजूला. बसवताना एटीएफ लावायचं, ग्रीस नको. आट्यांवरून रिंग कोरडी ओढली की तिथंच कापते, आट्यांवर प्लॅस्टिकची पातळ पट्टी गुंडाळून सरकवा. टेफ्लॉन टेप आणि गॅस्केट शेलॅक या युनिटमध्ये कुठंच नाही. त्याचा धागा सुटला की सुईएवढी वाट बंद.

गोदाकाठ_नांदेड
काढला. दोन ओ-रिंग आहेत. आतल्या टोकाची एका जागी अर्धी कापलेली, पण तुकडा तिथंच लोंबत होता, आत गेलेला नाही. दोन्ही नवीन टाकल्या, तेल पुन्हा रीतीनं भरलं.

केबल-टाय : संध्याकाळी सहा ते सकाळी सहा, बारा तासांत २ मिलिमीटर. रिव्हर्सला थ्रॉटल दिला, इंजिन जागेवर. सिलिंडर खोललाच नाही.

चिमटापाना
झकास. २ मिलिमीटर दिवसभराच्या तापलेल्या तेलाचं रात्रीचं आकुंचन असू शकतं. चार दिवसांनी पुन्हा मापा, आकडा तेवढाच राहिला तर हात लावू नका. वाढत जायला लागला तर वरच्या बाजूचा चेक व्हॉल्व्ह बघा.

वायरमन_परभणी
आणि खालचा रिलेही बदलून टाका, दोघांचं वय एकच आहे. रिलेच्या अर्थचा लग सँडपेपरनं घासून, आवळून, वर डायइलेक्ट्रिक ग्रीसचा हात फिरवा. एक रिले आणि दोन ओ-रिंगचा सेट पिशवीत घालून बोटीच्या टूलबॉक्समध्ये टाकून ठेवा, शेडमध्ये नको.

गोदाकाठ_नांदेड
टाकल्या. सोबत रुंद पेचकस आणि अर्धा लिटर एटीएफपण. खालचा रिले उद्या.